एक पिन घ्या, आणि ती हलवू नका

शिकारीच्या कंपाउंड धनुष्यावर एकाच पिनची साइट लावावी असे सांगणारा माणूस मराठी असला, की दोन-तीन वाक्यांत अर्जुन येतोच. झाड दिसत नाही, फांद्या दिसत नाहीत, दिसतो तो फक्त पोपटाचा डोळा. मग पाच पिना हव्यात कशाला? अलीकडे अर्जुनाच्या जोडीला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनाही उभे केले जाते. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत दोघांनी कंपाउंडची वैयक्तिक सुवर्णपदके आणली, ओजसने तर अंतिम लढतीत पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात घालून दीडशेपैकी दीडशे गुण केले. नेमाचा बिंदू एकच, बघा! हे सगळे खरे आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र तपासायला हवा, कारण त्याच्या भरवशावर दर वर्षी हंगामाच्या तोंडावर पुष्कळ लोक योग्य वस्तू अगदी भलत्या कारणासाठी विकत घेतात.

द्रोणांनी झाडावर ठेवलेला तो पक्षी खोटा होता. कारागिरांकडून करवून घेतलेला. तो मान वळवणार नव्हता, फांदी बदलणार नव्हता, प्रत्यंचेचा आवाज ऐकून दबणार नव्हता. ओजस आणि अदिती ज्यावर बाण मारतात ते लक्ष्य पन्नास मीटरवर असते. हे अंतर नियमाने ठरलेले आहे आणि दहाचे वर्तुळ आठ सेंटिमीटरचे आहे. तिथे अंतराचा प्रश्न सामना सुरू होण्यापूर्वीच सुटलेला असतो. उरतो तो वारा, श्वास आणि स्वतःचे मन. म्हणून तिथे एक बिंदू पुरतो. शिकारीत सगळी अडचण अंतराचीच आहे. जो प्रश्न मैदानावर उरतच नाही, त्याचे उत्तर मैदानावरून उचलून रानात न्यायचे हा प्रकार मला कधी कळला नाही.

उदाहरणे महाकाव्यांतूनच घ्यायची असतील तर शिकारीची घ्या. दशरथाने घागर भरण्याच्या आवाजावर सोडलेला बाण, पंडूने मृगांच्या जोडीवर सोडलेला बाण, जरा नावाच्या व्याधाने पानांआडून दिसलेल्या पायावर सोडलेला बाण. तिन्ही अचूक लागले. तिन्ही सोडायला नको होते.

वाद कुठला आहे ते आधी सांगतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषय मिटवला आणि ते योग्यच झाले. ही गोष्ट अमेरिकेतली आहे. तिथे हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी राज्य सरकारेच परवाने देतात, हंगाम ठरवून देतात आणि धनुष्याचा हंगाम बंदुकीपेक्षा वेगळा असतो. विस्कॉन्सिनने असा वेगळा हंगाम १९३४ साली प्रथम दिला. मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना कप्प्यांच्या धनुष्याचे पेटंट १९६९ साली मिळाले आणि त्यानंतर हा छंद मूठभर हौशी लोकांपुरता राहिला नाही. विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींतही आता परवाना काढणारे निघाले आहेत. दिवाळी बहुधा नरांच्या माजाच्या दिवसांच्या आसपास पडते, त्यामुळे फराळाला एखादी खुर्ची रिकामी राहते आणि घरातल्यांची बोलणी खावी लागतात, तो भाग निराळा.

आता यंत्र. कंपाउंड धनुष्याच्या दोरीत डोळ्यासमोर येईल असे एक बारीक छिद्र बसवलेले असते, त्याला पीप म्हणतात. समोर, धनुष्याच्या मुठीच्या वर, एक गोल चौकट असते आणि तिच्यात प्रकाशतंतूचे टोक असलेली पिन. पीपमधून चौकट, चौकटीत पिन, पिनेवर जनावराची बरगडी, एवढा हा मामला. जुन्या पद्धतीच्या साइटमध्ये तीन, पाच, कधी सात पिना एकाखाली एक कायमच्या बसवलेल्या असतात: वरची वीस यार्डांची, तिच्याखालची तीसची, मग चाळीसची. एकपिनी साइटमध्ये पिन एकच, पण संपूर्ण चौकट वर-खाली सरकते. बाजूला डायल असते, डायलवर यार्डांचे आकडे छापलेली पट्टी. रेंजफाइंडरने हरीण सदतीस यार्डांवर आहे असे दाखवले की डायल सदतीसवर आणायची आणि पिन ठेवायची ती नेमकी जिथे बाण हवा तिथे. वर धरायचे नाही, खाली धरायचे नाही, दोन पिनांच्या मधला अंदाज नाही.

एकपिनी साइटच्या समर्थकांचा सगळा डोलारा या नेमकेपणावर उभा आहे, म्हणून त्याच्याचपासून सुरुवात करू.

साध्या शिकारी बाणाचा वेग सेकंदाला दोनशे ऐंशी फूट धरा. जाहिरातीत याहून मोठे आकडे असतात, पण ते तीस इंच खेच, सत्तर पौंड ताण आणि साडेतीनशे ग्रेनचा हलका बाण धरून काढलेले असतात. शिकारीला वजनदार बाण घेतात आणि वेग उतरतो. डोळ्याची रेषा बाणाच्या चार-साडेचार इंच वर असते. अशा धनुष्यावर एकच पिन पंचवीस यार्डांवर जुळवली आणि मग तिला हातच लावला नाही, तर काय होते? दहा यार्डांवर बाण नेमाच्या पाऊण इंच वर लागतो. पंधरावर दीड इंच वर. वीसवर पुन्हा दीडच्या आत. पंचवीसवर नेमका. तीसवर सुमारे अडीच इंच खाली. शाळेतले गुरुत्वाकर्षणाचे सूत्र आणि कागद-पेन्सिल एवढ्यावर हे आकडे निघतात. हवेचा अडथळा धरला तर शेवटचा आकडा किंचित वाढेल, इतकेच.

व्हाइटटेल हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसे मिळून जी जिव्हारी जागा होते ती आठ-नऊ इंच व्यासाची असते. सराव करणारे लोक जेवणाची कागदी थाळी झाडाला टांगतात ती याच मापासाठी. म्हणजे पायाशी आलेल्या हरणापासून तीस यार्डांवरच्या हरणापर्यंत, पंचवीसला बांधलेली पिन थाळीच्या मध्यावर धरली की बाण थाळीतच जातो. मग डायलने दिलेला नेमकेपणा आपण नक्की कशासाठी विकत घेतला? तीसच्या आत त्याची गरज नाही. त्याची गरज तीसच्या पुढे सुरू होते. पस्तीसवर हीच पिन सहा इंच खाली मारते, चाळीसवर दहा-अकरा इंच. अचूकतेच्या नावाखाली डायल विकते ते अंतर, आणि माझे भांडण याच गोष्टीशी आहे.

आकडे तुमच्या धनुष्याचे घ्या, माझे नको. पंचेचाळीस पौंडांचे धनुष्य वापरणाऱ्या बाई किंवा नुकता परवाना मिळालेला मुलगा यांच्या बाणाचा वेग दोनशे वीसच्या घरात असेल. त्यांनी पिन वीसवर बांधावी. दहावर ती सव्वा-दीड इंच वर मारील, पंचवीसवर सव्वातीन इंच खाली, आणि तीसवर साडेआठ इंच खाली, म्हणजे थाळीच्या बाहेर. त्यांची हद्द पंचवीस. दुकानात मात्र सर्वांना एकच भाषण ऐकायला मिळते आणि त्या भाषणात शंभर यार्डांपर्यंतची पट्टी हटकून असते.

आता अंतराचा खरा हिशेब. धनुष्य सुटताना आवाज होतो, आणि आवाज बाणाच्या चौपट वेगाने जातो. तीस यार्डांवरच्या हरणाला दोरी ऐकू आल्यापासून बाण पोहोचेपर्यंत साधारण पाव सेकंद मिळतो. साठ यार्डांवर जवळजवळ अर्धा. व्हाइटटेल सावध असेल तर आवाज कानावर पडताच उडी मारण्यासाठी आधी पायांत दबते आणि पाठ खाली जाते, बाण वरून जातो किंवा पाठीच्या कण्याजवळ बसतो. साठ यार्डांवर बाण हवेत सेकंदाच्या दोन तृतीयांश इतका वेळ असतो. सावकाश पावले टाकणारे हरीण तेवढ्यात दीड-दोन फूट पुढे सरकते, म्हणजे खांद्यामागे सोडलेला बाण पोटात जातो. डायल कितीही बारीक फिरवा, साठवर अचूक बसवलेली पिन तुम्हाला हरीण कुठे *होते* ते सांगते. ते कुठे *असेल* हे सांगणारी पट्टी छापलेली नाही.

आणि पोटातला बाण म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे तो सहसा या विषयावर हसतखेळत बोलत नाही. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. ब्रॉडहेडची, म्हणजे बाणाच्या टोकाची, पाती रक्तवाहिन्या कापतात आणि जनावर रक्तस्रावाने मरते. दोन्ही फुप्फुसांतून बाण गेला तर ते शंभर-दीडशे यार्डांत पडते. पोटात गेला तर काही तास जगते. जाणते लोक अशा वेळी माग काढायला निघण्यापूर्वी आठ-दहा तास थांबतात, कारण लगेच मागे लागले तर ते उठून आणखी दूर जाते आणि मग कोल्ह्यांच्याच हाती लागते.

डायलविरुद्धचा दुसरा मुद्दा यांत्रिक आहे, आणि एकपिनी साइटचे समर्थक त्याला हसून टाळतात. धनुष्य ताणले की दोन्ही हात गुंतले. एक मुठीवर, दुसरा दोरीवर. डायल फिरवायला तिसरा हात नाही. म्हणजे जे अंतर लावायचे ते ताणण्यापूर्वी. हरीण बत्तीसवर उभे होते, तुम्ही बत्तीस लावले, ताणले आणि ते सात पावले आत आले. आता? धनुष्य खाली घ्या, डायल फिरवा, पुन्हा ताणा. पंचवीस यार्डांवरच्या हरणासमोर तीन मोठ्या हालचाली! पाच पिनांच्या साइटवाला अशा वेळी फक्त नजर एका पिनेवरून दुसरीवर नेतो. पाच पिनांवाल्यांचा हा मुद्दा बिनतोड आहे आणि मी तो जसाच्या तसा मान्य करतो. मात्र तो एका पिनेच्या विरुद्ध जात नाही. तो फिरणाऱ्या पिनेच्या विरुद्ध जातो. पंचवीसला बांधलेल्या पिनेला बत्तीस काय आणि पंचवीस काय, तिला ठाऊकच नाही. हरीण आत आले तर उत्तम, बाहेर राहिले तर बाण भात्यात.

विसरण्याचा प्रकार तर याहून वाईट. सकाळी लांबच्या कडेला एक हरीण दिसले, हाताला खाज सुटली म्हणून डायल चाळीसवर नेली, हरीण निघून गेले, डायल तिथेच राहिली. तासाभराने दुसरे हरीण मागून चालत येऊन वीसवर उभे राहते. त्या क्षणी छातीतली धडधड कानांत ऐकू येत असते, हात थरथरत असतात. अमेरिकन शिकारी याला बक फीव्हर म्हणतात आणि तो भल्याभल्यांना येतो. डायल कुणाच्या लक्षात राहणार? चाळीसला लावलेली पिन वीस यार्डांवर साडेसहा-पावणेसात इंच वर मारते. साठवर विसरली असेल तर चौदा-पंधरा इंच. पहिल्यात बाण पाठीच्या मांसात बसतो आणि हरीण जखम घेऊन जाते. दुसऱ्यात तो वरून साफ जातो, आणि हरणाचे नशीब चांगले असे म्हणायचे. “प्रत्येक वेळी डायल परत आणायची सवय लावून घ्या” हे त्यावरचे उत्तर. सवय लावायचीच असेल तर डायलला हात न लावण्याची लावावी. ती सोपी आहे.

इथवर वाचून पाच पिनांचे कैवारी खूश झाले असतील, तर त्यांच्याकडे वळतो. त्यांच्याही बाजूत एक मोठी फट आहे आणि तीही त्याच धडधडीत उघडी पडते. वीस, तीस, चाळीस, पन्नास, साठ अशा पाच रंगीत ठिपक्यांतून एक निवडायचा असतो. निवडीची चूक इथेही तीच, दहा यार्डांची किंवा वीसची, फक्त डायलऐवजी डोळ्याने केलेली. शिवाय पाच पिनांत खालच्या तीन चाळीस आणि त्यापुढच्याच, म्हणजे धनुष्य ताणलेल्या माणसासमोर तीन आमंत्रणे कायम लटकत असतात. पूर्वेच्या दाट रानात, जिथे मचाणाभोवती तीस यार्डांच्या पलीकडे झुडपांतून बाण जायला वाटच नसते, तिथे त्या तीन पिना कशासाठी आहेत? बहुतेकांकडे उत्तर नसते. साइट तशी मिळाली, एवढेच.

एकपिनी पक्षाचा आणखी एक आवडता मुद्दा म्हणजे पिनांची गर्दी लक्ष्य झाकते. याला मी फारसे महत्त्व देत नाही. नेहमीची पिन इंचाच्या एकोणीस सहस्रांश जाडीची, डोळ्यापासून तीस इंचांवर. वीस यार्डांवर ती अर्धा इंच जागा झाकते. अर्ध्या इंचाने हरीण झाकत नाही. पाच पिनांनी झाकले जाते ते चौकटीतले खालचे दृश्य, म्हणजे पोट आणि पाय, जिकडे तुम्हाला बघायचेच नाही. गर्दीचा त्रास नजरेला कमी आणि निर्णयाला जास्त होतो, आणि तो मुद्दा वर येऊन गेला. अंधुक उजेडात मात्र एका पिनेचा फायदा खरा आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सूर्योदयाआधी अर्धा तास आणि सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकारीची मुभा असते, आणि हरणे नेमकी त्या तासांत चालतात. एकाच पिनेला लांब प्रकाशतंतूचे वेटोळे देता येते, ती उशिरापर्यंत उजळ राहते. फार उजळ असली की तिच्याभोवती प्रभावळ दिसते आणि टोक फुगलेले भासते, म्हणून झाकण किंवा फिरते आवरण असलेली घ्यावी.

उंचीवरून मारताना कोनाचा हिशेब डायलशिवाय कसा करायचा, असेही विचारतात. मचाण वीस फुटांवर असेल आणि हरीण बुंध्यापासून वीस यार्डांवर, तर तिरकी रेषा एकवीस यार्डांची होते. एका यार्डाचा फरक! यासाठी यंत्र विकत घेणाऱ्याने आधी कमरेतून वाकून मारण्याचा सराव करावा, तिथे चुकणारे इंच याच्या कितीतरी पट असतात.

सॅक्स्टन पोप हे नाव या छंदात आदराने घेतले जाते. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिलजवळ ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस रानातून बाहेर आला. त्याला इशी म्हणत. पुढे त्याला सॅन फ्रान्सिस्कोला विद्यापीठाच्या संग्रहालयात ठेवले गेले. हे ठेवणे कसले होते यावर वेगळा लेख होईल. पोप तिथल्या विद्यापीठात डॉक्टर होते. इशीवर उपचार करता करता ते त्याच्याकडून धनुष्य शिकले, आणि इशी १९१६ मध्ये गेल्यानंतर १९२३ साली त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाने आधुनिक अमेरिकन धनुष्य-शिकारीला वळण दिले. पोपनी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली आहे: इंग्लिश पद्धतीच्या लांब पल्ल्याच्या लक्ष्यवेधात इशी साधारणच होता. त्याचे कसब जवळ जाण्यात होते. वारा बघणे, थांबणे, आवाज काढून जनावराला बोलावणे, आणि ते टप्प्यात आल्याशिवाय दोरीला हात न लावणे. आज जे लोक पोप आणि त्यांचे साथीदार आर्थर यंग यांचा वारसा सांगतात त्यांनी साठ यार्डांची पट्टी लावलेली साइट घेऊन जवळ जाण्याचे कसब डायलवर सोपवावे, यात मला विसंगती दिसते. या दोघांच्या नावाने १९६१ साली स्थापन झालेल्या पोप अँड यंग क्लबने एक रेषा आखली. धनुष्यावर बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक साइटने अंतर मोजून मारलेले जनावर आपल्या नोंदवहीत घेण्यास त्यांनी नकार दिला. गार्मिनने २०१८ साली आणलेली झीरो साइट बटण दाबताच अंतर मोजते आणि त्या अंतराची उजळ पिन स्वतः काढून दाखवते. एकपिनी डायलच्या तर्काचे पुढचे पाऊल तेच आहे. अचूक अंतर हाच एकमेव प्रश्न असेल तर झीरोला नाव ठेवायला जागा नाही. तिला नाके मुरडणाऱ्या आणि स्वतः डायल फिरवणाऱ्या मंडळींनी आपला विरोध बॅटरीला आहे की आणखी कशाला, हे एकदा ठरवावे.

“हे सगळे तुमच्या विस्कॉन्सिनच्या झाडीत ठीक आहे” असे कोलोरॅडो आणि मोंटानाकडचे लोक म्हणतात, आणि त्यांचे ऐकले पाहिजे. तिकडे उघडी माळराने आणि डोंगरउतार आहेत. म्यूल हरीण किंवा एल्क चाळीस-पन्नासच्या आत येणे कठीण. एल्कची जिव्हारी जागा बरीच मोठी असते, आणि उतारावर कोन तीव्र असल्याने अंतराचा हिशेब खरोखर बदलतो. अशा ठिकाणी पंचवीसला बांधलेली एक पिन घेऊन जाणे म्हणजे घरी बसण्यासारखेच. मान्य. पण मग तिथेही डायल हे उत्तर नाही. एल्क नर हाकेला ओरडत, झाडे मोडत येतो तेव्हा साठवरून वीसवर यायला त्याला वेळ लागत नाही, आणि तुमचे दोन्ही हात तेव्हा गुंतलेले असतात. तिथे तीन कायमच्या पिना घ्याव्यात, वीस-तीस-चाळीस, आणि त्यांच्यापुढचे जाऊ द्यावे. तीन पिना आणि वर सरकणारी चौकट अशी जोडसाइटही आता मिळते. ती वाईट नाही, पण तिची सरकपट्टी सरावानंतर स्क्रूने घट्ट बसवून टाकण्याइतका निग्रह हवा.

माझ्या म्हणण्यातली खरी कच्ची जागा दुसरीकडे आहे. पहिला बाण लागला, पण चांगला लागला नाही. हरीण धावून पंचेचाळीस यार्डांवर थांबले आणि मागे वळून बघते आहे. आता “माझी हद्द तीस” म्हणून स्वस्थ बसणे हा शहाणपणा नाही, क्रौर्य आहे. जखमी जनावराला दुसरा बाण मारण्याची संधी मिळत असेल तर ती घ्यायला हवी, आणि त्या एका प्रसंगी डायल असणाऱ्याच्या हातात माझ्यापेक्षा चांगले हत्यार आहे. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, अर्धे आहे. एकपिनी साइट डायलसकटच घ्यावी. पन्नास-साठ यार्डांवर भरपूर सराव करावा, कारण लांबचा सराव जवळचा नेम सुधारतो. रानात जाताना डायल पंचवीसवर आणून तिची खिट्टी आवळावी. ती पुन्हा सैल करायची ती जखमी जनावरासाठीच, निरोगी जनावरासाठी कधीही नाही. हा नियम कागदावर लिहायला सोपा आणि मचाणावर पाळायला अवघड आहे हे मला ठाऊक आहे. तरीही डायल मोकळी ठेवून “मोह आवरीन” म्हणण्यापेक्षा तो पाळणे पुष्कळ सोपे आहे.

मचाणावर चढल्यावर रेंजफाइंडर काढावा तो हरीण येण्यापूर्वी. चारी दिशांची चार झाडे मोजून ठेवावीत: तो ओक बावीस, ते पडलेले मेपल अठ्ठावीस, कुंपणाचा खांब पस्तीस. मग तीसची रेषा रानात आखली जाते, साइटवर नाही. हरीण ओकच्या आत आले की ताणायचे, खांबाजवळ असेल तर बघत बसायचे. बघत बसणे हाही हंगामाचा भाग आहे आणि परवान्याच्या फीमध्ये तो धरलेला असतो.

दुकानात गेलात तर डायलचे आकडे शेवटी बघा. आधी साइट हातात घेऊन हलवा. काही खडखडत असेल तर ठेवून द्या, रानात तो आवाज हरणाला तुमच्याआधी कळेल. खिट्टी हातमोजे घालूनही आवळता येते का ते पाहा. पीपमधून चौकट पूर्ण गोल आणि भोवती सारख्या कडेने दिसली पाहिजे. चौकट तळापर्यंत सरकवली की हा मेळ बिघडतो आणि बाणाची पिसे तिला घासण्याचीही शक्यता असते. लांबच्या आकड्यांचा हाही एक तोटा, जो पट्टीवर छापलेला नसतो. पाणपातळीचा बुडबुडा नीट दिसावा, उतारावर धनुष्य कलते आणि आपल्याला कळत नाही. पिन खालून वर येणारी उभी असेल तर बरे. आणि दुकानदार शंभर यार्डांची पट्टी फुकट देऊ लागला तर नाही म्हणू नका. ती घराजवळच्या सरावाच्या मैदानावर उपयोगी पडते.